चारशे एमबीचे वीरगळ

३ जुलै २०२४, बुधवार

दुपारी सर आमच्या डीटीपीच्या दुकानात आले. छत्री निथळत दाराशी ठेवली आणि खिशातून रुमालात, रुमालाच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पेन ड्राइव्ह काढला. चार वर्षं मोटारसायकलवर खटाव-माणच्या गावांतून फिरून त्यांनी वीरगळांच्या, म्हणजे झुंजीत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांच्या, नोंदी केल्यात. एकूण ९६ दगड. त्याचा अहवाल ज्या संस्थेला द्यायचा, ती कागदावर काही घेत नाही. पीडीएफ करायची, त्यांच्या पोर्टलवर चढवायची, आणि ती २० एमबीच्या आत पाहिजे. मुदतही २० तारखेचीच.

सरांची वर्डची फाइल ४०२ एमबीची. उघडायला घातली आणि मी चहा टाकायला गेले. चहा झाला, गाळला, तरी पडद्यावरचं गोल चक्र फिरतंच होतं.

"ताई, मी सोळा पानं गाळली," सर म्हणाले. "गद्धेगाळांवरचं, म्हणजे शापाच्या दगडांवरचं, सगळं प्रकरण काढलं. पण फाइल तसूभर हलली नाही."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. माणूस स्वतःचं लिहिलेलं कापत बसला होता. मी त्यांना पाटीवरचा हिशेब करून दाखवला. युनिकोडमध्ये साठवताना देवनागरीचं एकेक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की वेलांटी, साधारण तीन बाइट खातं. पानावर दोन हजार चिन्हं धरली तर झाले सहा हजार बाइट, म्हणजे सहा केबी. सोळा पानांचे शंभर केबीसुद्धा नाहीत, आणि वर्ड ते आणखी दाबून ठेवतं. उलट फोनवर काढलेला एखादा चांगला फोटो चार एमबीचा असतो.

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या एका फोटोच्या जागेत मजकुराची साडेसहाशे पानं बसतात, सर. ती सोळा पानं परत घाला."

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे कुणी आधी सांगितलं असतं तर गेल्या आठवड्यातल्या दोन रात्री वाचल्या असत्या."

४ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. सकाळी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर लाइट नव्हती. इन्व्हर्टरवर एकच मशीन चालवलं.

आधी फाइलची प्रत केली. मूळ फाइलला हात लावायचा नाही, हा पेजमेकरच्या काळापासूनचा नेम. मग प्रतीच्या नावाचं शेपूट बदललं: डॉक्सच्या जागी झिप. भाचा शेजारी बसला होता, म्हणाला, "मावशी, फाइल बाद होईल." होत नाही. वर्ड २००७ पासूनची प्रत्येक डॉक्स फाइल ही आतून एक झिपचं गाठोडंच आहे. गाठ सोडली की आत फोल्डर दिसतात, त्यांतल्या 'वर्ड' नावाच्या फोल्डरात 'मीडिया' असतं आणि त्यात सगळी चित्रं ओळीनं निजलेली. आकाराप्रमाणे लावली की वरचा चोर लगेच सापडतो.

एकूण ११८ चित्रं. मला वाटलं होतं की सगळ्यात जड एखादा मोठा देखणा वीरगळ असेल. निघालं काय, तर एका ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र. ३८ एमबी! सरांनी ते कुठल्याशा दुकानात स्कॅन करून घेतलं होतं, रंगीत, ६०० डीपीआयवर, पीएनजीमध्ये. ए-फोर कागद ६०० वर घेतला की जवळजवळ साडेतीन कोटी ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. म्हणजे उघडा १०४ एमबी. आणि त्यात होतं काय? काळ्या शाईतल्या सात ओळी आणि एक जांभळा शिक्का. बाकी सगळी पिवळट कागदाची खरबरीत कांती, घडीची रेघ आणि कोपऱ्यातला चहाचा डाग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तेच पत्र मी ३०० डीपीआयवर, निव्वळ काळं-पांढरं केलं. एका ठिपक्याला एकच बिट. फॅक्स मशीनांसाठी काढलेली दाबण्याची एक जुनी रीत आहे, ग्रुप फोर म्हणतात, ती लावली. ५४ केबी. शिक्काही वाचता येतो. जांभळा नाही, एवढंच.

त्याखाली पाच वीरगळांचे फोटो, तेही पीएनजीत, एकेक सतरा ते बावीस एमबीचा. सरांना कुणी तरी सांगितलं होतं की पीएनजीत फोटो 'खराब होत नाही'. खोटं नाही ते. पीएनजी एकही ठिपका हरवू देत नाही. नकाशा, आलेख, रेखाटन यांसाठी ते सोन्यासारखं, कारण तिथं एकसारखा रंग लांबच लांब पसरलेला असतो. पण दगडाच्या फोटोत कुठले दोन ठिपके शेजारीशेजारी सारखे असतात? मग तो प्रत्येकाचा हिशेब पै-पैनं लिहीत बसतो.

या सहा फायलींनीच १३६ एमबी खाल्ले होते. म्हणजे एकूण ओझ्याचा तिसरा हिस्सा.

५ जुलै, शुक्रवार

आज फोटो एकेक करून पाहिले. वर्डच्या पानावर जे दिसतं ते, आणि गाठोड्यात जे पडलंय ते, यांत किती अंतर!

सरांनी बरेच फोटो क्रॉप केलेत. पानावर नुसता दगड दिसतो. पण आत अख्खा फोटो तसाच आहे. एका ठिकाणी सरांची मोटारसायकल. एका ठिकाणी त्यांचा स्वतःचा चपलेतला अंगठा. एका देवळाच्या ओट्यावर पत्ते खेळणारे चार म्हातारे, त्यांतल्या एकानं चेहऱ्यापुढे पत्ते धरलेत. २७ नंबरच्या दगडाच्या फोटोत उजवीकडे अर्ध्या भागात एक घर, आणि परसात धुणं धूत बसलेली बाई. अहवालात यांतलं कुणी नाही. फाइलमध्ये मात्र सगळे हजर. पोर्टलवर अशी वर्डची फाइल गेली असती, तर कुणीही एका क्लिकसरशी क्रॉप मागं सारून त्या बाईच्या परसात शिरू शकलं असतं.

वर्डमध्ये चित्रं दाबायच्या खिडकीत क्रॉप केलेले भाग पुसून टाकायची एक चौकट आहे. तिच्यावर खूण केली, की मगच ते खरोखर जातात. तोवर क्रॉप म्हणजे नुसता पडदा.

फोटो लहान करायचीही तीच गत. कोपरा माउसनं धरून आत ढकलला की फोटो बोटभर दिसतो, पण बाइट एकही कमी होत नाही. भाच्याला हे पटेना. त्याला म्हटलं, नऊवारीची घडी घालून तळहातावर ठेवली तरी लुगडं नऊ वारच राहतं ना, तसंच हे.

आणखी एक गोष्ट निघाली. वर्ड खरं तर जतन करताना आपण होऊन चित्रं थोडी हलकी करतं. सरांनी सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं होतं. "फोटो खराब होऊ नयेत म्हणून," फोनवर म्हणाले. त्यांच्या प्रत्येक चुकीमागं हे एकच वाक्य निघतं, आणि ते ऐकल्यावर रागावताही येत नाही.

६ जुलै, शनिवार

हे गणित मी दर वर्षी दिवाळी अंकाच्या वेळी कुणाला ना कुणाला सांगते, आज भाच्याला लिहून दिलं.

फोनचा फोटो आडवा ४००० ठिपके, उभा ३०००. पानावर तो सहा इंच रुंद लावला. म्हणजे इंचाला ६६७ ठिपके. ऑफसेटला छापायचं असलं तरी ३०० पुरे. मग १८०० रुंद, १३५० उभा. ठिपके पाचाला एक उरले. नुसतं पडद्यावर वाचायचं असेल तर १५० चालतात. ९०० बाय ६७५. आता विसाला एक. रुंदी निम्मी केली की ठिपके पाव होतात, निम्मे नव्हे. लोक इथंच चुकतात.

या धंद्यात आले तेव्हा उलट रड होती. फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. चित्रं पुण्याला स्कॅन व्हायची, आमच्याकडे फक्त त्यांच्या जागेवर चौकट आखलेली असायची. बटर पेपरवर प्रूफ. तेव्हा चित्र मोठं हवं म्हणून जीव टाकायचो, आता लहान व्हावं म्हणून.

संध्याकाळी शेजारच्या दुकानात एक मुलगी भरतीचा फॉर्म भरत होती. फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत. दुकानदारानं तिची सही तीनदा काढली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काका, आता माझी सही मलाच माझी वाटंना." त्याला जाऊन सांगितलं, की कागदाचा मोकळा भाग कापून टाक आणि सहीच तेवढी ठेव. १४ केबी झाली.

८ जुलै, सोमवार

भाच्याला प्रश्न पडला: दोन फोटो, दोन्ही तेवढ्याच ठिपक्यांचे, एकाच फोनवर काढलेले. एक माळरानावर उभ्या वीरगळाचा, मागं मोकळं आभाळ. दुसरा जवळून, नुसता दगड. पहिला पावणेदोन एमबी, दुसरा साडेपाच. असं का?

मला हा प्रश्न फार आवडला. जेपेग फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनात उजेड किती संथपणे बदलतो आणि किती खडबडून बदलतो, याचा वेगवेगळा हिशेब मांडतं. डोळ्याला संथ बदल चटकन कळतात, बारीक खडबड फारशी कळत नाही. म्हणून खडबडीचे आकडे ढोबळ केले जातात, पुष्कळ शून्य होतात, आणि शून्यांची रांग दोन शब्दांत लिहिता येते. आभाळाच्या चौकोनात लिहायला काही नसतंच. पण सह्याद्रीचा काळा पाषाण, त्यावर आठशे वर्षांचा पाऊस, वर दगडफुलाचे पांढरे-पिवळे ठिपके! प्रत्येक चौकोन खडबडीनं गच्च. दगड फाइलमध्येही जडच राहतो.

हे सगळं ज्या गणितावर चालतं, ते नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर जानेवारी १९७४ मध्ये छापलं. अहमद मूळचे बंगळूरचे, काम अमेरिकेत. दोन वर्षं आधी त्यांनी यासाठी तिथल्या सरकारी विज्ञान निधीकडे पैसे मागितले होते, मिळाले नाहीत. जेपेगचं प्रमाण १९९२ साली ठरलं. आज सातारच्या बाजारात पेरू विकणारा माणूससुद्धा दिवसातून दहा वेळा त्या गणिताचा फोटो पाठवतो. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "निधीच्या अर्जाचं काय होतं ते मला नका सांगू."

रंगाबद्दल माझाच एक गैरसमज आज गेला. वाटलं, दगड काळेच आहेत, फोटो करड्या छटेत केले तर तिसऱ्या हिश्श्यावर येतील. करून पाहिलं. जेमतेम आठवा हिस्सा कमी झाला. कारण उघड आहे, जेपेग उजेड आणि रंग आधीच वेगळे काढतं आणि रंग पाव मापानं ठेवतं. जिथं मुळात कंजुषी झालीय, तिथून वाचणार किती? रंग राहू दिले.

१० जुलै, बुधवार

आज आमची चूक कळली, आणि ती मोठी होती.

काल मी बँकेत गेले तेवढ्यात भाच्यानं अख्ख्या फाइलला एकच बटण दाबलं: ९६ पीपीआय, ईमेलसाठी. फाइल सहा एमबीवर आली. खुशीत त्यानं ती सरांना पाठवूनही दिली.

सकाळी सातला फोन. "ताई, एकेचाळीस नंबरचा लेख पुसला."

वीरगळावर सहसा लेख नसतो. खालच्या चौकटीत लढाई, नाही तर गाई पळवणाऱ्यांशी झुंज, मधल्या चौकटीत पडलेल्या वीराला अप्सरा वर नेतायत, सगळ्यांत वर तो शिवलिंगापाशी हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. नाव कुणाचंच नाही. ९६ दगडांत सरांना फक्त तिघांवर अक्षरं सापडली, आणि एकेचाळीसवर तर उन्हात पाहिलं तर काहीच दिसत नाही. सर रात्री गेले होते. गावातल्या एका पोराला बॅटरी दगडाच्या अगदी कडेला, आडवी धरायला लावली. तिरक्या उजेडात अक्षरांच्या खाचांत सावल्या भरल्या आणि दोन ओळी वर आल्या. तो फोटो म्हणजे पुरावा. दुसरा नाही.

दोघांनी बसून हिशेब केला. दगड १२० सेंटिमीटर उंच, अक्षर दोन सेंटिमीटरचं. मूळ फोटोत दगडाच्या उंचीला ४००० ठिपके, म्हणजे एका अक्षराला सुमारे ६६. पानावर फोटो सहा इंच उंच, ९६ च्या मापानं ५७६ ठिपके. अक्षराच्या वाट्याला नऊ-दहा. त्यात झिजलेलं 'म' की 'भ' हे कसं ठरणार? आणि राहिलेली खाच जेपेगनं खडबड समजून सपाट केली. त्याचं चुकलं नाही. दगडफुलाचा खडबडीतपणा आणि आठशे वर्षांपूर्वीच्या टाकीचा घाव, दोन्ही त्याला सारखेच. फरक सरांनाच कळतो.

भाचा रडवेला झाला. त्याला ओरडले नाही. बटणावर लिहिलंच होतं तसं. सरही काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मूळ आहे ना?" मूळ आहे.

११ जुलै, गुरुवार

सरांना दुकानात बोलावून घेतलं. ११८ चित्रांचे तीन ढीग करायचे ठरवलं, आणि ते मी करणार नाही, तुम्हीच करा म्हटलं.

पहिला ढीग: नुसती जागा कळावी म्हणून घातलेले. दगड, मागं देऊळ, बांध. १२०० ठिपके रुंद, जेपेगची प्रत सत्तर. दुसरा ढीग: रेखाटनं. ती सरांनी ट्रेसिंगवर काढलेली, काळी रेघ पांढऱ्यावर. ती एका बिटात, लख्ख. तिसरा ढीग: पुरावा. सरांनी त्यात आधी एकसष्ट फोटो घातले. मी काही बोलले नाही. चहा मागवला. तासाभरानं त्यांनी स्वतःच ढिगातून एकेक काढायला सुरुवात केली. "हा चांगला आलाय म्हणून ठेवला होता," एकदा म्हणाले. "चांगला आहे, पण सांगत काही नाही." शेवटी चौदा उरले.

एकेचाळीसचा तोडगा क्रॉपमध्येच सापडला. अख्खा दगड पहिल्या ढिगात, बारीक. त्याच्याखाली नुसती लेखाची पट्टी, मूळ ठिपके जसेच्या तसे: १६५० बाय २६४. एक ठिपका कमी न करता फाइल १७० केबीची. आधीच्या चार एमबीच्या फोटोपेक्षा अक्षरं कितीतरी स्पष्ट वाचता येतात, कारण पट्टी पानभर रुंद झाली.

चार फोटोंवर इलाज नव्हता. ते गावकऱ्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले. फोटो म्हणून पाठवला की तो वाटेतच आक्रसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ येतो. सरांनी त्यांना आता तसं सांगितलंय. एकानं उत्तर दिलं: "सर, फोन बदलला, जुने फोटो गेले."

१३ जुलै, शनिवार

पान ८८ वर मोजमापांचा तक्ता. उंची, रुंदी, जाडी, चौकटी किती. पण तो तक्ता नव्हताच, वहीच्या पानाचा फोटो होता. भाचा म्हणाला, "स्कॅनच्या अॅपमध्ये सगळ्यात लहानवर टाकू?"

त्याला २०१३ ची गोष्ट सांगितली. जर्मनीत डाव्हीड क्रीजेल नावाच्या संगणकतज्ज्ञाला आढळलं, की झेरॉक्स कंपनीच्या काही मशीनांवर घराचा नकाशा स्कॅन केला तर खोल्यांची क्षेत्रफळं बदलून येतात. अंधूक नव्हे, स्वच्छ छापल्यासारखी, पण चुकीची. तीन वेगवेगळ्या खोल्यांवर एकच आकडा. फाइल लहान करायला ते मशीन सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा एकच छाप ठेवायचं आणि तोच सगळीकडे वापरायचं. ६ आणि ८ त्याला सारखेच वाटले. कंपनीला सुधारणा काढावी लागली. फोटो धुरकटला तर निदान शंका येते. इथं शंका यायलाच जागा नव्हती. सरांच्या हस्ताक्षरात १ आणि ९ यांच्यातला फरक मलाच दोनदा बघून कळतो.

तक्ता टाइप केला. दोन तास लागले, सर शेजारी बसून आकडे वाचत होते. तीन एमबीचं चित्र गेलं, काही केबींचा मजकूर आला, आणि आता त्यात शोधताही येतं. तीन ठिकाणी सरांच्या वहीतच चूक निघाली.

१५ जुलै, सोमवार

फोनच्या प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख, वेळ, फोनचं नाव आणि जीपीएस चालू असेल तर अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. आकारानं ते चिमूटभर, काढले म्हणून फाइल काही हलकी होत नाही. पण सरांना सांगितल्यावर ते एकदम ताठ बसले. यांतले निम्मे दगड उघड्यावर पडलेत; कुणीही टेंपो घेऊन जाईल आणि उचलून नेईल. त्यांनी अहवालात मुद्दाम गावाचं नावच दिलं होतं, नेमकी जागा नाही. आणि फोटो मात्र बोट दाखवत होते.

पोर्टलच्या फाइलमधून सगळ्या फोटोंची ही माहिती काढली. तारखा मात्र फोटोखालच्या ओळींत घेतल्या, त्या हव्यातच. जागांची यादी सरांच्या वहीत.

१७ जुलै, बुधवार. आषाढी

दुकान बंद. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी. दुपारी झोप. सरांचा मेसेज आला, "विठ्ठल विठ्ठल", खाली पंढरीचा फोटो, किमान वीस जणांकडून फिरून आलेला. विठोबाच्या नाकाडोळ्यांचे आठ बाय आठचे चौकोन स्पष्ट मोजता येतात.

१८ जुलै, गुरुवार

पीडीएफ झाली. १७.६ एमबी. गद्धेगाळांच्या सोळा पानांसकट.

तासाभरानं सरांचा फोन: त्यांच्याकडची पीडीएफ ९१ एमबी दाखवतेय. मी घाबरले. निघालं ते असं. शेवटच्या पानावर प्रतिज्ञापत्र आहे, त्यावर सही हवी. सरांनी दीडशे पानांची पूर्ण प्रिंट काढली, एका पानावर सही केली, आणि सगळी पानं पुन्हा स्कॅन करून आणली. सहीच्या दोन इंचांपायी अख्खा मजकूर फोटो होऊन बसला होता. शब्द शोधता येईना, ओळी तिरक्या, ५२ व्या पानावर त्यांचा अंगठा. (आधी फोटोत सापडला तो पायाचा, हा हाताचा.)

एकच पान स्कॅन केलं, काळं-पांढरं, आणि पीडीएफमध्ये त्या जागी बसवलं. पुन्हा १७.६.

मग सरांच्या मार्गदर्शकांना ईमेल. जीमेलला २५ एमबी चालतं, पण जोडलेली फाइल वाटेत साध्या अक्षरांत बदलते आणि तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक फुगते. १७.६ ची चोवीसपर्यंत जाते. गेली. काठावर.

२० जुलै, शनिवार

पोर्टलनं पहिल्यांदा फाइल नाकारली. आकार बरोबर, प्रकार बरोबर, लाल अक्षरांत नुसतं 'अवैध'. अर्ध्या तासानं लक्षात आलं, फाइलचं नाव आम्ही मराठीत दिलं होतं. रोमन लिपीत केलं, घेतली. मराठी अहवाल मागवणाऱ्या पोर्टलला मराठी नाव कळू नये, याला काय म्हणावं?

सर पेढे घेऊन आले. मी मूळ फोटोंच्या दोन हार्ड डिस्क केल्या, एक त्यांच्याकडे, एक माझ्या कपाटात. देताना एकदा उघडून दाखवाव्यात म्हणून सहज फोटो पुढं ढकलत होते. २७ नंबर आला. क्रॉप न केलेला. डावीकडे वीरगळ, उजवीकडे घर, परस, धुणं धूत बसलेली बाई.

"थांबा," सर म्हणाले. "मोठं करा."

मोठं केलं. बाई नव्हे, तिच्या पुढ्यातला दगड. साबणानं पांढरा झालेला, एका बाजूनं किंचित उचललेला. अजून मोठं. वरच्या टोकाला दोन्हीकडून निमुळता होत गेलेला. कडेला, पाणी निथळतं तिथं, आडवी एक पट्टी असावी तशी सरळ रेघ. की दगडाचीच भेग? अजून मोठं केल्यावर नुसते चौकोन दिसायला लागले.

"तुम्हीच क्रॉप केला होता, सर."

"मीच." चष्मा काढून त्यांनी पडद्याला नाक लावलं. "पालथा घातलाय. चित्रं खाली असणार. धुण्याला सपाट बाजू लागते ना."

पाऊस थोडा उघडला की रविवारी जातो म्हणाले. बाईला आधी दुसरा दगड नेऊन द्यावा लागेल, तो कुठून आणायचा याचाच ते जाताना विचार करत होते. पेन ड्राइव्हवर तो एकच फोटो टाकून दिला. ४.६ एमबी.